दहा फुटी लेथ उघड्या गाडीवर बांधताना बेल्ट नेमके कुठून न्यावेत?

शिरोलीकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वर्कशॉपमधील एक जुना, जड बांधणीचा दहा फुटी लेथ भोसरीतील एका कारखानदाराने विकत घेतला आहे. तो कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतून पुण्याजवळच्या भोसरीपर्यंत सुखरूप पोहोचवण्याची जबाबदारी व्यवहारात आमच्याकडे आली आहे. मशीनचे वजन सुमारे ३२०० किलो आहे. ठरवलेली गाडी बाजूला फाळके नसलेली, सपाट प्लॅटफॉर्मची असून खाली चेकर्ड प्लेट (उंचवट्यांचा लोखंडी पत्रा) आहे आणि केबिनच्या मागे लोखंडी चौकटीची भिंत आहे. आमच्याजवळ ५० मिलिमीटर रुंदीचे सहा रॅचेट बेल्ट (दात्यांच्या दांड्याने आवळायचे पट्टे) आहेत.

तीन वर्षांपूर्वी याहून लहान लेथ पाठवला होता, तेव्हा गाडीवाल्याने बेडवरून (मशीनच्या लांब, आडव्या पाठीवरून) दोन बेल्ट आडवे टाकून करकचून आवळले आणि "आता हे मशीन जागचे हलणार नाही" असे सांगून तो निघाला. पुण्यात गाडी उतरवताना पाहिले, तर मशीन वीतभर पुढे सरकलेले होते. शिवाय एक बेल्ट लीड स्क्रूवरून, म्हणजे बेडच्या पुढून जाणाऱ्या लांब आट्यांच्या दांड्यावरून, गेल्यामुळे तो स्क्रू मधोमध वाकला होता. घेणाऱ्याने त्याचे पैसे कापून घेतले आणि त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

या वेळी गाडीवर चढवण्यापूर्वीच ठरवून ठेवावे असा विचार आहे. बेल्ट मशीनच्या वरून टाकावेत की कोपऱ्यांतून तिरके ओढावेत? किती बेल्ट लागतील? आणि मशीनच्या कोणत्या भागाला बेल्ट लावणे योग्य, कोणत्या भागाला मुळीच लावू नये? वाटेत खंबाटकीचा बोगदा, त्यानंतरचे इंग्रजी एस अक्षरासारखे वळण आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा सलग उतार आहे, हे लक्षात घेऊन कृपया सांगावे.

त्रिज्या

आपल्या प्रश्नाचे उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती बहुतेक गाडीवाल्यांना कोणी समजावून सांगितलेली नसते. मशीनवरून आडवा टाकलेला बेल्ट मशीनला पुढे जाण्यापासून थेट अडवत नाही. तो मशीनला फक्त खाली दाबतो. त्या दाबामुळे तळाशी घर्षण वाढते आणि अडवण्याचे काम ते घर्षण करते. कोपऱ्यातून तिरका ओढलेला बेल्ट मात्र मशीनला प्रत्यक्ष धरून ठेवतो. दोघांच्या ताकदीत किती अंतर आहे, हे आपल्याच आकड्यांवरून पाहू.

युरोपातील माल बांधण्याच्या मानकात, म्हणजे ईएन १२१९५-१ मध्ये, जोराच्या ब्रेकसाठी वजनाच्या ०.८ पट बल पुढच्या दिशेने आणि वळणासाठी ०.५ पट बल बाजूच्या दिशेने धरतात. अमेरिकेतील ट्रकसाठीच्या संघीय नियमांतही हेच दोन आकडे येतात. आपल्या ३२०० किलोंवर पुढच्या दिशेचे बल झाले २५६० किलो. मशीनखाली घालायचे लाकडी स्लीपर (जाड ओंडके) आणि गाडीचा लोखंडी पत्रा यांच्यातील घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर घर्षण स्वतःहून ९६० किलो अडवते. उरलेले १६०० किलो बांधणीने अडवायचे आहेत.

आता बेल्टवरील निळी चिठ्ठी पाहा. निळा रंग पॉलिएस्टरची खूण आहे. तिच्यावर दोन आकडे असतात. एलसी म्हणजे बेल्ट किती ओढ सोसू शकतो ती मर्यादा. ५० मिलिमीटरच्या चांगल्या बेल्टवर ती सरळ ओढीत बहुधा २५०० डेकान्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २५०० किलो असते. एसटीएफ म्हणजे रॅचेटचा दांडा हाताने नेहमीच्या जोरात ओढल्यावर बेल्टमध्ये प्रत्यक्ष किती ताण बसतो तो आकडा, आणि तो अनेकदा ३००-३५० इतकाच असतो. आडव्या बेल्टला हा लहान आकडाच उपयोगी पडतो, मोठा नाही. ३०० किलोंचा ताण, पृष्ठभागाशी ६० अंशांचा कोन आणि दोन्ही बाजू मिळून खाली दाब सुमारे ५२० किलो, त्याच्या ०.३ पट घर्षण म्हणजे एका बेल्टमागे जेमतेम दीडशे किलो. १६०० किलोंसाठी असे दहा-अकरा बेल्ट लागतील. गेल्या वेळी दोन होते. मशीन वीतभरच सरकले, हे नशीब म्हणावे.

तोच बेल्ट मशीनच्या पुढच्या टोकापासून मागच्या कोपऱ्याकडे तिरका ओढला, तो पृष्ठभागाशी ४५ अंश आणि गाडीच्या लांबीशी ३० अंश कोन करत असेल, तर एलसीचा साठ टक्क्यांहून थोडा अधिक भाग थेट मागे ओढायला उपयोगी पडतो. एका बेल्टचे सुमारे १५०० किलो झाले. दोन बेल्टमध्ये १६०० किलो सहज निघतात आणि वर जवळजवळ तेवढीच शिल्लक उरते. उलट दिशेला, म्हणजे मागच्या टोकापासून पुढच्या कोपऱ्यांकडे, आणखी दोन न्यावेत. चढावर गाडी निघताना बसणारा झटका ते धरतील. हे चारही मिळून बाजूचा तोलही सांभाळतात.

म्हणून सहापैकी चार बेल्ट तिरके आणि उरलेले दोन आडवे. आडवे बेल्ट उलटण्यापासून वाचवण्यासाठी हवेत, त्याबद्दल पुढे लिहितो. मशीनच्या तळाखाली घर्षण वाढवणारी रबराची चटई मिळाली तर अवश्य घालावी. अशा चटईचा गुणांक ०.६ धरतात, आणि तेवढ्याने वरचे सगळे गणित बदलते: घर्षण स्वतःच १९२० किलो अडवते, उरतात ६४० किलो, आणि त्यासाठी केवळ आडवे बेल्ट वापरले तरी तीन पुरतात. अकराचे तीन. मात्र चटई स्लीपर आणि पत्रा यांच्या मध्ये हवी, आणि पत्र्यावर तेल सांडलेले असेल तर यातले काहीच खरे नाही.

जुना सुपरवायझर

त्रिज्या यांचे गणित योग्य आहे. मी छत्तीस वर्षे माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर काढली असल्यामुळे गाडीच्या बाजूने काही भर घालतो.

पहिला प्रश्न बेल्टचा हूक गाडीला कुठे अडकवायचा हा आहे. प्लॅटफॉर्मच्या कडेखाली ताडपत्रीची दोरी बांधण्यासाठी जे बारीक सळीचे आकडे वेल्ड केलेले असतात, त्यांना बेल्ट लावू नये. ते दोरीसाठी आहेत. लेथच्या झटक्याने त्यांचे वेल्डिंग सुटते किंवा सळी सरळ होते. चॅसीच्या आडव्या चॅनेलला किंवा जाड प्लेटवर बसवलेल्या कड्यांनाच हूक अडकवावा. हूकचे तोंड पूर्ण बसले आहे ना, तो टोकावर टेकलेला नाही ना, हे वाकून पाहावे. उभ्या-उभ्या ते दिसत नाही.

काही जण बेल्ट अॅक्सलला किंवा स्प्रिंगच्या पाट्यांना अडकवतात, कारण तिथे हूक छान बसतो. पण रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यावर अॅक्सल चॅसीच्या तुलनेत वर-खाली होतो, त्यामुळे बेल्ट क्षणभर सैल आणि क्षणभर ताणलेला असे चालू राहते. तासाभराने तो बेल्ट केवळ शोभेचा उरतो. ब्रेकच्या नळ्या आणि सायलेन्सर यांच्याजवळूनही बेल्ट नेऊ नये. सायलेन्सरजवळ पॉलिएस्टर वितळते, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे, मशीन गाडीवर कुठे ठेवायचे. लेथची लांबी गाडीच्या लांबीला समांतर आणि हेडस्टॉक, म्हणजे चक असलेले जड टोक, केबिनच्या दिशेला असावा. सारे वजन मागच्या अॅक्सलच्या किंचित पुढे पडेल असे बसवावे. अगदी मागे ठेवले तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग धरत नाही. पार केबिनला चिकटवले तर पुढच्या अॅक्सलवर भार येतो. मग केबिनमागची भिंत आणि मशीनचे स्लीपर यांच्यात जे अंतर उरेल, ते जाड तुळयांनी गच्च भरून काढावे. ब्रेक लागल्यावर मशीनला पुढे जायला जागाच नसेल, तर बेल्टवरचे अर्धे काम कमी होते. गाडीवाले ही गोष्ट हमखास टाळतात, कारण तुळया आणायला कुणी जायचे, हा वाद असतो. आपल्याकडे लाकूड तयार ठेवावे.

चेकर्ड प्लेटवर खिळे ठोकता येत नाहीत, त्यामुळे बाजूचे ठोकळे लावण्याचा खटाटोप करू नये. तो भाग तिरक्या बेल्टवर सोडावा.

तिसरे, सगळे रॅचेट एकाच बाजूला ठेवू नयेत. आडवा बेल्ट मशीनच्या कडांवर घासतो, त्यामुळे रॅचेटच्या बाजूला जेवढा ताण असतो, तेवढा पलीकडच्या बाजूला पोहोचत नाही. एकाचा रॅचेट डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे असा क्रम ठेवावा. रॅचेटच्या दांडीवर बेल्टचे किमान दोन आणि फार तर तीन वेढे यावेत. एकच वेढा असेल तर तो निसटतो आणि फार झाले तर रॅचेट भरून पुढे आवळता येत नाही. दांड्याला पाइप घालून जोर करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यामुळे ताण थोडा वाढतो, पण रॅचेटचा दात मोडण्याची वेळही जवळ येते.

बेल्टला गाठ मारू नये. कडेने पाच मिलिमीटरपेक्षा जास्त, म्हणजे रुंदीच्या एक दशांशाहून अधिक, कापला गेलेला बेल्ट बाजूला काढावा. "एवढ्या वेळेपुरता चालेल" हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे.

साखळदंड

बेल्टऐवजी साखळी का वापरत नाही? ८ मिलिमीटरच्या ग्रेड ८० साखळीची बांधणी क्षमता ४००० डेकान्यूटन असते आणि ती कडेवर कापली जात नाही. जड यंत्रांसाठी आम्ही तेच वापरतो.

त्रिज्या

साखळी उत्तमच, परंतु या कामात तिची एक अडचण आहे. लेथखाली लाकूड असणार, आणि लाकूड प्रवासात दबते. पॉलिएस्टरचा बेल्ट पूर्ण भाराखाली लांबीच्या सात टक्क्यांपर्यंत ताणला जाऊ शकतो, त्यामुळे लाकूड दोन-तीन मिलिमीटर दबले तरी बेल्टमध्ये थोडाफार ताण शिल्लक राहतो. साखळी ताणली जात नाही. तेवढ्याच दबण्याने ती पार सैल पडते. वापरायचीच असेल तर एका दिशेच्या सर्व बांधण्या साखळीच्या कराव्यात. एकाच दिशेला एक साखळी आणि एक बेल्ट लावला, तर सारा भार साखळी घेते आणि बेल्ट नुसता तिच्या सोबतीला राहतो.

शिरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. गाडीवाल्याशी बोललो. तो म्हणतो, "तीन टन वजन आहे साहेब, त्याच्या वजनानेच ते जागेवर बसते, उगीच कशाला एवढे बांधायचे?" त्याला काय उत्तर द्यावे? दुसरे म्हणजे, तिरके बेल्ट मशीनच्या कोणत्या भागाला बांधावेत? लीड स्क्रूची धास्ती मनातून जात नाही.

त्रिज्या

त्याला इतकेच सांगावे की वजन वाढले की घर्षण जेवढे वाढते, तेवढ्याच पटीत पुढे ढकलणारे बलही वाढते. त्यामुळे वजनाचा हिशेब दोन्ही बाजूंनी कटून जातो. गुणांक ०.३ असताना गाडीने ०.३ पटीहून जोराचा ब्रेक मारला, तर तीन किलोचा डबा सरकतो आणि तीन टनांचा लेथही सरकतो. फरक एवढाच की डबा सरकला तर केबिनमागची भिंत वाकत नाही.

उलटण्याचा मुद्दा राहिला होता. लेथ उंच आणि अरुंद असतो. पायांची रुंदी ६० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य तळापासून ७५ सेंटिमीटर उंचीवर असे धरले, तर ३० भागिले ७५ म्हणजे ०.४ पट बाजूचे बल लागताच तो कलंडू लागतो. आपण वळणासाठी ०.५ धरले आहे. म्हणजे न बांधलेला लेथ खंबाटकीच्या वळणावर, निदान कागदावर तरी, आडवा होतो. यावर उपाय म्हणजे दोन्ही पायांखाली गाडीच्या रुंदीच्या दिशेने दीड मीटर लांबीचे जाड स्लीपर घालावेत आणि पायांना फाउंडेशन बोल्टसाठी जी भोके असतात, त्यांतून आरपार बोल्ट घेऊन मशीन स्लीपरला पक्के करावे. मग पायांऐवजी स्लीपरची रुंदी धरायची. उंची स्लीपरमुळे १५ सेंटिमीटरने वाढली तरी ७५ भागिले ९० म्हणजे ०.८ च्या वर येते. हे काम हायड्रा (मशीन उचलणारी क्रेन) येण्यापूर्वी, मशीन जमिनीवर असतानाच उरकावे.

फिटर

लीड स्क्रूविषयी मी सांगतो, कारण लेथ हलवणे आणि नंतर ते लेव्हल करणे हेच माझे रोजचे काम आहे.

ओतीव लोखंड वाकत नाही, तुटते. म्हणून बेल्ट जाड ओतीवावरच लावावा. हँडव्हील, चक, टूल पोस्ट, कूलंटची नळी, विजेची पेटी, पत्र्याचे गार्ड, यांपैकी कशालाही बेल्ट लावू नये. लीड स्क्रू आणि फीड रॉड बेडच्या पुढच्या अंगाला थोडे बाहेर असतात. बेडवरून आडवा टाकलेला बेल्ट आवळताना आत येतो आणि नेमका त्यांच्यावर टेकतो. आपल्या पहिल्या मशीनचे तेच झाले.

तिरक्या बेल्टसाठी दोन्ही पायांच्या वरच्या भागाला, बेडच्या लगेच खाली, गोल स्लिंगचा (उचलण्याच्या बंद पट्ट्याचा) फास घालावा आणि बेल्टचा हूक त्या फासात अडकवावा. हेडस्टॉकच्या बाजूला हा फास गिअरबॉक्सच्या खाली येतो आणि टेलस्टॉकच्या, म्हणजे समोरच्या टोकाच्या, बाजूला लीड स्क्रूच्या ब्रॅकेटच्या खाली. म्हणजे दोन्हीकडे स्क्रू फासाच्या वर सुरक्षित राहतो. फास पायाच्या धारेवर येणार असेल तर मध्ये जुन्या टायरचा तुकडा घालावा. धारदार कडा बेल्टला कशी कापते हे पाहायचे असेल, तर ताणलेला सुतळीचा तोडा कानशीच्या धारेवर एकदा घासून पाहावा.

दोन आडव्या बेल्टसाठी बेडच्या गाइडवर (वरच्या घासून गुळगुळीत केलेल्या पट्ट्यांवर) कापड, त्यावर चार इंची लाकडाचा आडवा ठोकळा ठेवावा. ठोकळा बेडच्या दोन्ही बाजूंना इतका बाहेर आला पाहिजे की त्याच्या टोकावरून खाली उतरणारा बेल्ट लीड स्क्रूच्या बाहेरून, त्याला न शिवता जाईल. माझा नियम असा की बेल्ट आवळल्यावर स्क्रू आणि बेल्ट यांच्यातून तळहात गेला पाहिजे. नाही गेला तर ठोकळा लांब करावा. एक बेल्ट हेडस्टॉकच्या लगत आणि दुसरा टेलस्टॉककडच्या पायावर येईल असा ठेवावा. दोन पायांच्या मध्ये, बेड जिथे अधांतरी असतो, तिथे खाली ओढू नये.

मशीनची तयारीही आधीच करावी. कॅरेज (हत्यार धरणारा सरकता भाग) टेलस्टॉकच्या बाजूला नेऊन लॉक करावे; हेडस्टॉक जड असल्यामुळे उचलतानाही तोल बरा राहतो. टेलस्टॉक क्लॅम्प करावा किंवा काढून वेगळ्या पेटीत घ्यावा. चक काढणे सर्वांत चांगले. कूलंटची टाकी पूर्ण रिकामी करावी, कारण अर्धी टाकी शिल्लक असली की ती वाटेत हिंदकळून पत्र्यावर येते आणि त्रिज्या यांनी हिशेबात धरलेले सगळे घर्षण तिथेच वाहून जाते. गाइडला जाड ग्रीस लावावे.

जुना सुपरवायझर

वाटेतील तपासणीबद्दल. बेल्ट पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये सर्वांत जास्त सैल पडतात, कारण लाकूड, चटई आणि फास तेव्हाच बसतात. शिरोलीहून निघाल्यावर किणी टोलनाका पंधरा-वीस किलोमीटरवर येतो. तिथे गाडी बाजूला घेऊन प्रत्येक बेल्ट आवळावा. पुढे तासवडे आणि आनेवाडी या टोलनाक्यांवर पुन्हा पाहावे. आनेवाडीनंतर बोगदा आणि वळण आहे, म्हणून तिथली तपासणी टाळू नये. शेवटची खेड शिवापूरला, कारण त्यापुढे कात्रज बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत गाडी उताराला लागते आणि ब्रेकचा सर्वांत मोठा कस तिथेच लागतो. तो उतार गिअरमध्येच उतरायचा, न्यूट्रल करायचे नाही, हे चालकाला आधी सांगून ठेवावे. सहापदरीकरणाच्या कामामुळे या रस्त्यावर गेली काही वर्षे वळणरस्ते पुष्कळ आहेत, त्यामुळे झटकेही जास्त धरावेत.

बेल्टची मोकळी टोके गुंडाळून बांधावीत. चाकात गेलेले टोक रॅचेटसकट ओढले जाते. स्लीपर किंवा मशीनचा कोणताही भाग प्लॅटफॉर्मच्या बाहेर येत नाही ना, तेही मोजावे. माल बाजूला, पुढे किंवा मागे बाहेर आला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१अ) प्रमाणे वीस हजार रुपये दंड आहे आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

बांधून झाल्यावर चारी बाजूंनी छायाचित्रे काढावीत. मार्गस्थ विम्यात अपुऱ्या वेष्टनामुळे झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते आणि वाद झाला तर छायाचित्राशिवाय हातात काही नसते.

शिरोलीकर

मशीन काल संध्याकाळी भोसरीत उतरले. विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहितो.

स्लीपर सहा इंची, दीड मीटरचे घेतले आणि बोल्ट आदल्या रात्री बसवले. रबराची चटई इथे वेळेत मिळाली नाही, म्हणून घर्षण ०.३ च धरून चार तिरके आणि दोन आडवे बेल्ट लावले आणि केबिनमागच्या भिंतीपर्यंतचे अंतर तीन तुळयांनी भरले. एका तुळईत बोटभर फट राहिली होती, ती लाकडी पाचर ठोकून घालवली. चालकाने सुरुवातीला कुरकुर केली. पण किणीला थांबल्यावर पुढचा उजवा तिरका बेल्ट त्याने स्वतः हलवून पाहिला, तो हाताने सहज दाबला जात होता आणि रॅचेट चार दात पुढे गेला. त्यानंतर तासवड्याला तो न सांगता उतरला. तिथे एक दात, आनेवाडीला काहीच नाही, खेड शिवापूरलाही नाही.

निघण्यापूर्वी स्लीपरच्या कडेला पत्र्यावर खडूने रेघ मारून ठेवली होती, ती स्लीपरच्या कडेला तशीच लागून होती. फिटर यांच्या सांगण्याप्रमाणे तळहात घालून पाहण्याची सवय इतकी लागली की घेणाऱ्यांच्या फोरमनने विचारले, "साहेब, हे काय करताय?" त्याने मग डायल (सूक्ष्म वाक मोजणारे घड्याळ) लावून लीड स्क्रू फिरवून पाहिला आणि पावतीवर सही केली.

एकच बेल्ट खराब झाला. टेलस्टॉककडच्या पायाजवळ टायरचा तुकडा सरकला होता आणि तिथे कडेने सात मिलिमीटर चीर पडली आहे. तो बाजूला काढून ठेवला आहे.